उपकारस्तुती (ख्रिस्ती धर्म)

उपकारस्तुती म्हणजे देवाने केलेल्या उपकारांची जाणीव ठेवून त्याचे स्तवन करण्याची ख्रिस्ती उपासनारीती व जीवनवृत्ती होय. मराठी ख्रिस्ती समाजात हा शब्द प्रार्थना, गीत, अर्पण आणि सण अशा चारही संदर्भांत वापरला जातो. प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१८) उपकारस्तुती कोणत्याही परिस्थितीत करावी, असे सांगितले आहे. सुखाच्या दिवसांत या आज्ञेचा अर्थ लावण्याची गरज भासत नाही. दुष्काळ, साथ, मृत्यू आणि दारिद्र्य यांच्या काळात तो लावावाच लागतो. आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग अशाच काळात घडला आहे.

शब्दाचा अर्थ

नव्या करारातील 'युखारिस्तिया' या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये 'उपकारस्तुती' हा शब्द रूढ झाला. ग्रीक शब्दाच्या पोटात 'खारिस' म्हणजे कृपा हा शब्द आहे. पौलाच्या लेखनात 'खारिस' कधी कृपा तर कधी आभार या अर्थाने येतो. देणाऱ्याचे देणे आणि घेणाऱ्याचे मानणे यांना तेथे एकच नाव आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत नुसते आभार मानणे एवढ्याच अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. 'यादा' या धातूचा अर्थ कबूल करणे, जाहीरपणे मान्य करणे, स्तवणे असा होतो. त्यावरून आलेला 'तोदा' हा शब्द उपकारस्तुतीच्या यज्ञार्पणासाठी (लेवीय ७:१२) योजला आहे. त्यामुळे बायबलमधील उपकारस्तुती ही मनातल्या मनात बाळगायची भावना नसून चारचौघांत उच्चारायची गोष्ट आहे.

मराठीत या शब्दाला आणखी एक छटा प्राप्त झाली आहे. 'कृतज्ञता' म्हणजे केलेले जाणणे. त्यात ओझे नाही. 'आभार' या शब्दात मात्र भार ऐकू येतो, आणि 'उपकार' या शब्दाला तर तो चांगलाच चिकटलेला आहे. उपकाराखाली दबणे, उपकाराची फेड करणे, कोणाचे मिंधे होणे हे वाक्प्रयोग रोजच्या बोलण्यातील आहेत. ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्याच्या ओसरीखाली उभे राहून भाकरी घेतली, त्याच्या कानाला 'उपकार' हा शब्द सुखद लागेलच असे नाही. 'उपकारस्तुती' या समासाचा उत्तरार्ध 'फेड' नसून 'स्तुती' आहे, ही गोष्ट म्हणूनच लक्षात घेण्याजोगी आहे. देवाच्या कृपेची परतफेड होऊ शकत नाही आणि ती अपेक्षितही नाही, हा ख्रिस्ती सिद्धांत या एका शब्दात आला आहे.

ख्रिस्ती उपासनेतील मध्यवर्ती विधीचे नावही याच शब्दावरून आले आहे. कॅथलिक ज्याला मिस्सा म्हणतात आणि प्रोटेस्टंट प्रभुभोजन म्हणतात, त्या विधीचे एक प्राचीन नाव 'युखारिस्त' आहे. येशूने धरून दिल्या जाण्याच्या रात्री भाकर हातात घेऊन उपकारस्तुती केली, असे पौल लिहितो (१ करिंथ ११:२३-२४). विधीचा आरंभच मृत्यूच्या आदल्या रात्रीच्या उपकारस्तुतीने होतो, हे पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

बायबलमधील आधार

थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र इ.स. ५०-५१च्या सुमाराचे मानले जाते. नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते. ज्यांना ते लिहिले ती मंडळी नवी होती आणि आपल्याच गावकऱ्यांकडून छळ सोसत होती. फिलिप्पैकरांस पत्र तर पौलाने तुरुंगातून लिहिले. विपुलतेत आणि टंचाईत सारखेच समाधानी राहण्यास आपण शिकलो आहोत, असे तो त्यात सांगतो (४:११-१२). येथील 'शिकलो' या क्रियापदाकडे सहसा दुर्लक्ष होते. ही वृत्ती उपजत नसून सरावाची आहे, असा त्याचा अर्थ आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील दोन प्रसंग या शिकवणुकीला चित्ररूप देतात. फिलिप्पै येथे फटके खाऊन खोड्यात अडकवलेले पौल व सीला मध्यरात्री स्तोत्रे गातात (अध्याय १६). आणि वादळात सापडलेल्या, २७६ माणसे असलेल्या तारवावर पौल सर्वांसमक्ष भाकर घेऊन देवाची उपकारस्तुती करतो (अध्याय २७). तारू त्यानंतर फुटतेच. उपकारस्तुतीमुळे ते वाचल्याचे ग्रंथकार सांगत नाही. माणसे वाचल्याचे सांगतो.

लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १७) दहा कुष्ठरोग्यांची कथा मराठी प्रवचनांत वारंवार येते. दहाही जण बरे होतात. परत येऊन येशूच्या पाया पडणारा एकटा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी हलका मानलेला परका माणूस असतो.

या साऱ्याच्या जोडीला बायबलमध्ये विलापाचेही मोठे साहित्य आहे. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे अखेरीस स्तुतीकडे वळतात, परंतु ८८वे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते. ईयोब पहिल्या आघातानंतर देवाचे नाव धन्य मानतो आणि त्यानंतरचे अनेक अध्याय देवाशी वाद घालतो. ग्रंथाच्या शेवटी देव दोष देतो तो वाद घालणाऱ्या ईयोबाला नव्हे, तर दुःखाचे सोपे समर्थन करणाऱ्या त्याच्या मित्रांना. 'सर्व स्थितीत' या शब्दांचा अर्थ लावताना हा भाग वगळला, तर उपकारस्तुती म्हणजे तोंड दाबून हसण्याची सक्ती ठरते.

'स्थितीत' की 'स्थितीबद्दल'

या विषयावरील जुना वाद एका प्रत्ययावर उभा आहे. थेस्सलनीकाकरांस पत्रात ग्रीक 'एन' हे अव्यय आहे आणि मराठी भाषांतरात त्यासाठी 'त' हा सप्तमीचा प्रत्यय येतो: परिस्थितीत असताना आभार मानावेत. इफिसकरांस पत्रात (५:२०) मात्र 'ह्युपेर' हे अव्यय असून तेथे मराठीत 'बद्दल' येते: सर्व गोष्टींबद्दल आभार मानावेत. मग मूल दगावले तर त्याबद्दलही आभार मानावेत काय?

काहींनी याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. अमेरिकन लष्करी धर्मोपदेशक मर्लिन करॉथर्स यांच्या १९७०मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिझन टू प्रेज' या पुस्तकाने प्रत्येक वाईट गोष्टीबद्दलही देवाचे आभार मानण्याची शिकवण जगभर नेली. कॉरी टेन बूम या डच लेखिकेने आपल्या आठवणींत सांगितलेला राफेन्सब्रुक छळछावणीतील पिसवांचा प्रसंग याच संदर्भात सांगितला जातो. बहीण बेट्सी हिने कोठडीतील पिसवांबद्दलही देवाचे आभार मानले तेव्हा कॉरीला ते पटले नव्हते. पिसवांमुळेच पहारेकरी आत पाऊल टाकत नव्हते आणि बायबलवाचन निर्वेध चालत होते, हे तिला पुढे समजले. बेट्सी मात्र डिसेंबर १९४४मध्ये त्याच छावणीत मरण पावली. कथा सांगताना हा शेवट पुष्कळदा गाळला जातो.

बहुसंख्य भाष्यकार 'त' आणि 'बद्दल' यांत भेद करतात. इफिसकरांस पत्रातील 'सर्व गोष्टी' म्हणजे देवाने दिलेल्या सर्व गोष्टी, असा अर्थ ते घेतात. मृत्यू व अन्याय यांना नवा करार शत्रू म्हणतो, देणगी म्हणत नाही. म्हणून त्यांच्याबद्दल आभार मानण्याचे कारण नाही. त्यांच्या गराड्यातही देव सोडून गेलेला नाही, याबद्दल ते मानावयाचे असतात. हा अर्थ बायबलमधील विलापसाहित्याशीही जुळतो.

मराठी वाचकाला यातील पहिली भूमिका अगदीच अपरिचित नाही. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. या आपत्तींनी आपल्याला संसारातून सोडवून देवाकडे वळविले, अशा भावनेने त्यांनी त्या आपत्तींचेही स्वागत केलेले अभंगांत आढळते. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो: तुकाराम हे स्वतःच्या दुःखाविषयी बोलतात. स्वतःच्या जखमेबद्दल देवाचे आभार मानण्याचा अधिकार माणसाला आहे. शेजाऱ्याला त्याच्या जखमेबद्दल आभार मानायला लावण्याचा नाही.

महाराष्ट्रातील परंपरा

मराठी ओव्यांतून ख्रिस्ती देवाचे स्तवन फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'पासून (१६१६) चालत आले आहे. मराठी नवा करार १८११मध्ये सेरामपूरहून मोडी लिपीत छापला गेला. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३मध्ये मुंबईत सुरू झाले. ग्रामीण भागात मंडळ्या मोठ्या प्रमाणावर वाढल्या त्या १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांच्या आगेमागे. अनाथ मुले मिशनच्या आश्रमांत आली, दुष्काळी कामे निघाली, शाळा उघडल्या. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा याच काळातील आहे. त्यामुळे उपकारस्तुती नेमकी कोणाची, देवाची की अन्न देणाऱ्या मिशनची, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाला सुरुवातीपासूनच चिकटला. या प्रश्नाला जगून उत्तर देणारी दोन घरे विशेष उल्लेखनीय आहेत.

पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे आईवडील व बहीण १८७०च्या दशकातील दुष्काळात उपासमारीने गेले. बचावलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून ते झोपल्याचे त्यांनी नमूद केले आहे. पुढे १८८०मध्ये भाऊ गेला आणि १८८२मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने गेले. लहानगी मनोरमा तेवढी राहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

वाँटेजच्या भगिनीसंघाने रमाबाईंना आश्रय व शिक्षण दिले होते. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. आपल्या शिष्येने धर्ममतांत आज्ञाधारक राहावे, अशी अपेक्षा त्यात वारंवार दिसते. ज्यांनी आसरा दिला त्यांच्याविषयी रमाबाईंना आदर आहे. पण पुरोहितांच्या एका वर्गाच्या जोखडातून नुकतीच सुटलेली आपली मान दुसऱ्या जोखडाखाली देण्यास त्या साफ नकार देतात. कृतज्ञता आणि मिंधेपणा यांतील भेद मराठी ख्रिस्ती इतिहासात इतक्या लवकर आणि इतक्या निर्भीडपणे दुसऱ्या कोणी मांडला नसेल.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या हजारावर गेली. ठरावीक अनुदान देणारे कोणतेही मंडळ पाठीशी न ठेवता, प्रार्थना आणि येईल ते दान यांवर ही संस्था चालवली जाई. त्यामुळे रोजचे धान्य ही रोजच्या उपकारस्तुतीची बाब होती. दुष्काळ पाहिलेल्या मुलींच्या पंगतीत जेवणापूर्वीची प्रार्थना केवळ रिवाज राहिली नसणार, हे उघड आहे.

याच रमाबाईंनी १८९७मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात सरकारवर उघड टीका केली आणि तिचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. देवाची उपकारस्तुती करणारा माणूस अन्यायाबद्दल गप्प बसतो, हा समज त्यांच्या उदाहरणाने खोटा ठरतो. १९०७मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मनिवेदन प्रसिद्ध झाले. गमावलेल्या माणसांची मोजदाद त्यात आहे आणि ज्याने उचलून घेतले त्या देवाची स्तुतीही आहे; एकीने दुसरीला झाकलेले नाही. जुलै १९२१मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतरचे नऊ महिने रमाबाईंनी स्वतः केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ते बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले.

टिळक दांपत्य

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मराठी मंडळ्यांत आजही गायली जाणारी पुष्कळ उपासनागीते त्यांची आहेत. विलायती चालींऐवजी अभंग, भजन व कीर्तन यांतून स्तुती व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. परक्या सुरात केलेली कृतज्ञता उसनी वाटते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. १९१७मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळावा सुरू केला. मिशनविषयी वैर न धरता तिच्या वेतनातून मोकळे होणे, हे त्यांच्या दृष्टीने देवाच्या ऋणाला माणसांच्या ऋणापासून वेगळे करणे होते.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांची 'स्मृतिचित्रे' हे या विषयावरील पुस्तक नव्हे, तरीही या विषयाच्या अभ्यासकाने ते वाचले पाहिजे. पतीच्या धर्मांतराने आलेला वियोग, लोकांचे बोलणे, घरातील ओढगस्त, पतीचे हाती येईल ते देऊन टाकणे हे सारे त्यांनी तक्रारीसकट लिहिले आहे. त्यात रडणे आहे, भांडणे आहे आणि पानोपानी हसू आहे. देवाचे आभार मानण्याची भाषा त्या क्वचितच वापरतात. परंतु कशाचाही आकस न ठेवता संपूर्ण आयुष्याकडे पाहण्याची त्यांची रीत या वृत्तीचाच पुरावा म्हणावा लागेल. टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही बव्हंशी त्यांनीच पुढे नेले.

प्रचलित आचार

मराठी प्रोटेस्टंट घरांत मुलाचा जन्म, नवे घर, परीक्षेतील यश, नोकरी, आजारातून उठणे अशा निमित्तांनी उपकारस्तुतीची प्रार्थनासभा ठेवतात. पाळक वचन सांगतात, गीते होतात, घरचा माणूस उभा राहून साक्ष देतो आणि शेवटी चहा-फराळ होतो. मंडळीच्या उपासनेत त्यासाठी खास अर्पणही दिले जाते. ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाची उपकारस्तुती करण्याची प्रथा सर्व पंथांत आहे. साक्ष देण्याच्या पद्धतीत एक दोष शिरलेला दिसतो: ज्याचे काम झाले तोच उभा राहतो. ज्याचा रुग्ण बरा झाला नाही, त्याच्या तोंडी देण्यासाठी मंडळीजवळ विलापाची भाषा असतेच असे नाही, जरी ती स्तोत्रसंहितेत विपुल आहे.

शेतीप्रधान गावांत कापणीचा किंवा हंगामाचा सण महत्त्वाचा असतो. नव्या पिकाचा पहिला वाटा, भाजीपाला, फळे, अंडी, कोंबडी असे ज्याच्याकडे जे असेल ते चर्चमध्ये आणून वेदीपुढे मांडतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि येणारी रक्कम मंडळीच्या कार्यास जाते. एखादा भोपळा त्याच्या बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो, आणि तो घेणारा पुन्हा मंडळीलाच परत देतो. या चढाओढीत सणाची मौज असते. मुंबई-ठाणे-वसई परिसरातील ईस्ट इंडियन कॅथलिक समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करतो. भाताची नवी कणसे वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित केली जातात. गोव्यात हाच सण कणसांचे फेस्त म्हणून ऑगस्टमध्ये येतो. पोळ्याला बैलाचे ऋण मानणाऱ्या शेतकऱ्याला या सणांचा भाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वऱ्हाडातील संदर्भ

कोकण-गोव्यातील भातशेतीला पावसाची बरीच हमी असते; वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीला ती नाही. वाशीम जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. शेजारच्या यवतमाळला मात्र फ्री मेथडिस्ट मिशनचे जुने केंद्र होते. मराठी प्रदेशातील अनेक पाळक जेथे शिकले ती युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३पासून यवतमाळमध्ये होती व १९८३मध्ये पुण्यास हलली. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुका बंजारा समाजाच्या पोहरादेवी या तीर्थक्षेत्रासाठी प्रसिद्ध आहे. येथील शेतकऱ्याची भिस्त सोयाबीन, कापूस आणि तूर यांवर आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २००६मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता.

अशा प्रदेशात हंगामाच्या सणाची तारीखसुद्धा सरळ ठरत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, कापसाची वेचणी थंडीभर चालते आणि तूर त्याहून उशिरा निघते. मोठी अडचण उभी राहते ती पीक बुडालेल्या वर्षी. अनुवाद या ग्रंथातील नियमानुसार (१६:१७) प्रत्येकाने देवाने दिले असेल त्या मानाने अर्पण आणावयाचे असते. ज्याच्या पदरी काही पडले नाही, त्याच्याकडून काही मागण्यास या नियमात आधार नाही. हबक्कूक संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या शेवटी (३:१७-१८) अशाच वर्षाचे वर्णन केले आहे: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरे नाहीत. पीक आले नाही हे चांगले झाले, असे तो म्हणत नाही. नुकसानीची यादी तो पुरती वाचून दाखवतो आणि त्यानंतर देवाच्या ठायी आनंद मानण्याचा आपला निश्चय बोलून दाखवतो. त्याच ग्रंथाचा आरंभ मात्र, किती काळ हाक मारू आणि तू ऐकणार नाहीस, या देवाला केलेल्या प्रश्नाने होतो.